केळीच्या खोडापासून आयजेमपर्यंत : खानदेशातील नवख्या संघासाठी नियोजनाच्या पायऱ्या

जनुकांचे तुकडे आखून आणि जोडून जिवाणूच्या पेशीकडून ठरवलेले काम करून घेणे, आणि ते काम खरोखर झाले का हे मोजणे, असे सिंथेटिक बायॉलॉजीचे थोडक्यात वर्णन करता येईल. या विषयात विद्यार्थ्यांसाठी जी जागतिक स्पर्धा भरते, ती आयजेम या नावाने ओळखली जाते. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एमआयटीमध्ये एका लहान अभ्यासवर्गाच्या रूपाने तिची सुरुवात झाली. २००४ मध्ये अवघ्या पाच संघांची पहिली स्पर्धा झाली, २०१२ पासून स्वतंत्र संस्था ती चालवते आणि २०२२ पासून तिचा अंतिम मेळावा पॅरिसमध्ये भरतो. अलीकडच्या वर्षांत तीनशेहून अधिक संघ तिच्यात उतरतात, आणि आयसर पुण्यासारख्या भारतीय संस्थांचे संघही त्यांत असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आणि फार्मसी शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी कोणी प्रथमच संघ बांधायचे मनावर घेतले, तर कुठून सुरुवात करावी आणि कशात वेळ वाया जातो, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या स्पर्धेत संघ मागे पडतात ते बहुधा हुशारीच्या अभावी नव्हे; एका पावसाळ्यात न पेलणारा प्रश्न हाती घेतल्यामुळे पडतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका जाणिवेभोवती आखलेल्या आहेत.

पहिली पायरी : माणसे आणि परवानगी

संघ दिवाळीनंतर लगेच जमवावा. प्रयोगशाळेत काम करणारे चार-पाच जण पुरतात, पण त्यांच्याबरोबर गणिताची भीती नसलेला एक, संकेतस्थळ लिहू शकणारा एक, आणि लोकांशी मोकळेपणाने बोलू शकणारा एक, असे सदस्य हवेतच. २३ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आहे. एकच सदस्य त्या वयापलीकडचा असला तरी संघाचा विभाग बदलू शकतो, म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घेताना जन्मतारखा आधी पाहाव्यात. मार्गदर्शक प्राध्यापक किमान दोन लागतात. त्यांतील एक तरी असा असावा, ज्याने स्वतःच्या हाताने क्लोनिंग, म्हणजे जनुक जोडून ते जिवाणूत वाढवण्याचे काम, केलेले आहे.

परवानगीचे काम मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू करावे, कारण ते कागदांचे काम आहे आणि कागद आपल्या गतीने चालत नाहीत. आपल्या देशात जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवरील काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसवावे लागते. असे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते आणि तिच्यावर त्या विभागाचा प्रतिनिधी असतो. आपल्या महाविद्यालयात अशी समिती नसेल, तर विद्यापीठातील जीवशास्त्र विभागाशी किंवा समिती असलेल्या दुसऱ्या संस्थेशी रीतसर पत्रव्यवहार करून तेथे काम करण्याची सोय पाहावी. समिती नसलेल्या खोलीत ‘फक्त एक ट्रान्स्फॉर्मेशन करून बघू’, म्हणजे जिवाणूत बाहेरचा डीएनए घालून बघू, असे कोणीही म्हणू नये. धोका कमी असलेल्या जिवाणूंवरच काम करायचे, म्हणजे ई. कोलायच्या प्रयोगशाळेतील डीएचफाइव्ह-अल्फा किंवा बीएल२१ अशा निरुपद्रवी वाणांवर, हेही याच टप्प्यावर लिहून ठेवावे. आयजेमचे स्वतःचे सुरक्षा-अर्ज वेगळे असतात. मान्य यादीबाहेरचा जीव किंवा जनुक वापरायचे असेल, तर तो हाताळण्याआधी स्पर्धेच्या सुरक्षा समितीची संमती घ्यावी लागते. बदललेला जीव प्रयोगशाळेबाहेर सोडायचा नाही, हा नियम तर कोणत्याही अपवादाविना पाळायचा असतो.

दुसरी पायरी : प्रश्न निवडणे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. पहिल्या बैठकीत फळ्यावर जे विषय येतात ते साधारण असे असतात : कॅन्सर, प्लास्टिक खाणारे जिवाणू, कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, केळीवरील विषाणू. विषय सगळे मोलाचे आहेत, पण त्यांतील एकही या रूपात सहा महिन्यांत हाताळता येत नाही. विषयावरून प्रश्नाकडे यायचे असेल तर प्रत्येक विषयाला तीन कसोट्या लावाव्यात. त्यातील मुख्य भाग एका जनुकावर किंवा फार तर तीन-चार जनुकांवर निभावतो का? त्याचा परिणाम आपल्याकडे असलेल्या उपकरणावर मोजता येतो का? आणि ज्याच्यासाठी हे करायचे, तो माणूस आपल्याला प्रत्यक्ष भेटू शकतो का?

जुन्या संघांची उदाहरणे पाहिली की या कसोट्यांचा अर्थ उमजतो. २००६ मध्ये एडिनबरोच्या संघाने पाण्यातील आर्सेनिक ओळखणारा जिवाणू आखला, आणि त्याचे उत्तर आम्लता बदलण्याच्या रूपात यावे अशी रचना केली, म्हणजे ते महागड्या यंत्राविना वाचता येईल. त्याच वर्षी एमआयटीच्या संघाने ई. कोलायला वाढीच्या एका टप्प्यावर विंटरग्रीन या वनस्पतीचा आणि वाढ थांबल्यावर पिकल्या केळीचा वास यावा अशी जनुके जोडली. केळीचा तो वास आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा असतो आणि ते तयार करणारे जनुक त्यांनी यीस्टमधून घेतले. ई. कोलायची स्वतःची दुर्गंधी आड येऊ नये म्हणून इंडोल न बनवणारा वाण त्यांनी वापरला, हा तपशील मला विशेष शिकण्यासारखा वाटतो : जे मोजायचे आहे त्याच्या आड काय येईल, याचा विचार त्यांनी आधीच केला होता.

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. रावेर, यावल, चोपडा, भुसावळ या भागात केळीची लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, घड कापल्यावर खोड शेतातच उरते. ते तोडून बांधावर ओढून टाकायला मजुरी द्यावी लागते. त्या खोडापासून धागा निघतो, पण यंत्रातून निघालेल्या धाग्याला पेक्टिनचा, म्हणजे वनस्पतीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा, चिकटपणा राहतो आणि धागा राठ लागतो. ‘केळीच्या कचऱ्याचे व्यवस्थापन’ हा विषय झाला. ‘बॅसिलस सबटिलिसमधील पेक्टेट लायेज हा पेक्टिन तोडणारा एन्झाइम ई. कोलायमध्ये तयार करता येतो का, आणि तो दोन तासांत धाग्यावरील पेक्टिन मोजता येईल इतके कमी करतो का’ हा प्रश्न झाला. यात जनुक एक आहे, मोजमाप साधे आहे आणि शेतकरी एसटीच्या अंतरावर आहे.

पेक्टिन तोडणारी जनुके वनस्पतींना सडवणाऱ्या जिवाणूंतही भरपूर सापडतात, आणि केळीचा कंद सडवणारे जिवाणू त्याच घराण्यातले आहेत. तरीही निरुपद्रवी बॅसिलसकडूनच जनुक घ्यावे. सुरक्षा-अर्ज सोपा होतो आणि गावात जाऊन सांगताना मनात संकोच राहत नाही.

तिसरी पायरी : उलटे पंचांग

नियोजन सुरुवातीपासून पुढे न करता शेवटापासून मागे करावे. आयजेममध्ये संघाचे सगळे काम एका संकेतस्थळावर, म्हणजे विकीवर, मांडायचे असते आणि साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती विकी गोठते. त्या क्षणानंतर एक अक्षरही बदलता येत नाही. नेमकी तारीख त्या वर्षीच्या वेळापत्रकातून घेऊन भिंतीवर लावावी आणि तिच्यापासून मागे मोजत यावे.

आमच्या संघातील मुलांना महिन्यांपेक्षा सणांवर बांधलेले वेळापत्रक अधिक लक्षात राहिले, म्हणून तेच येथे देतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत डीएनएची रचना पूर्ण होऊन मागणी गेलेली असावी. रोहिणी-मृगापर्यंत डीएनए हाती पडावा. कानबाईच्या सुमारास, म्हणजे श्रावणात, पहिला खरा आकडा वहीत आलेला असावा, मग तो कितीही निराशाजनक असो. पोळ्यापर्यंत रचनेत दुरुस्ती करून दुसरी फेरी उरकावी, आणि गणपती उठल्यावर नवा प्रयोग सुरू करू नये. तेथून पुढचे दिवस लिखाणाचे. उन्हाळी परीक्षा, अंतर्गत चाचण्या आणि प्रात्यक्षिकांचे आठवडे या पंचांगात आधीच काळ्या शाईने भरून टाकावेत. परीक्षेच्या काळात ‘रात्री येऊन करू’ असे ठरवलेले काम होत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या फेरीवर मी जो भर देतो त्याला कारण आहे. रचना, बांधणी, चाचणी आणि त्यातून शिकून पुन्हा रचना, हे चक्र निदान एकदा पूर्ण फिरलेले परीक्षकांना पाहायचे असते आणि रौप्यपदकाच्या निकषांत ते येते. आयजेमची कांस्य, रौप्य आणि सुवर्ण ही पदके क्रमांकाची नसतात. निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संघाला ती मिळतात, म्हणून निकषांचा कागद पहिल्या दिवसापासून टेबलावर असावा.

चौथी पायरी : डीएनएची रचना

आज जनुक एखाद्या जीवातून काढण्याऐवजी संगणकावर लिहून कंपनीकडून तयार करून घेतले जाते. त्यामुळे चूक होते ती लिहितानाच. आपल्या उदाहरणात चार गोष्टी तपासाव्या लागतील. बॅसिलसमधील प्रथिनाच्या सुरुवातीला पेशीबाहेर जाण्याचा जो संकेत-तुकडा असतो, तो काढायचा की बदलायचा हे ठरवावे. जनुकातील कोडॉन, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे शब्द, ई. कोलायला रुचतील असे करून घ्यावेत. जोडणीसाठी जे कात्री-एन्झाइम वापरायचे, त्यांची ओळखीची जागा जनुकाच्या आत कुठेही येत नाही हे पाहावे : जुन्या बायोब्रिक पद्धतीत इकोआरवन, एक्सबीएवन, एसपीईवन आणि पीएसटीवन, तर नव्या टाइप टू-एस पद्धतीत बीएसएवन आणि एसएपीवन. अशी जागा सापडलीच, तर प्रथिन न बदलता एखादे अक्षर बदलून ती काढता येते. आणि शेवटी, संपूर्ण प्लास्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे वर्तुळ) संगणकावर जोडून, त्यातून प्रथिनाची वाचनचौकट सरळ लागते का, हे संघाबाहेरच्या एकाकडून तपासून घ्यावे.

नवख्या संघांची एक ठरलेली चूक येथेच सांगून ठेवतो. टी-सेव्हन प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) चालणारे प्लास्मिड डीएचफाइव्ह-अल्फामध्ये वाढते, पण त्यातून प्रथिन तयार होत नाही, कारण त्या वाणात ते जनुक वाचणारा एन्झाइम, म्हणजे टी-सेव्हनचा पॉलिमरेज, नसतो. प्लास्मिड वाढवायला आणि साठवायला डीएचफाइव्ह-अल्फा वापरावा, आणि प्रथिन बनवायला तो पॉलिमरेज असलेला बीएल२१(डीईथ्री).

पाचवी पायरी : प्रयोगशाळा, लाइट आणि ऊन

खानदेशातील मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो आणि याचा प्रयोगावर थेट परिणाम होतो. साधे इन्क्युबेटर फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. प्रथिन ३७ अंशांवर गुठळ्या होऊन निकामी होत असेल तर पेशी २०-२५ अंशांवर वाढवाव्या लागतात, आणि खोलीच ३८ अंशांवर असताना ते साध्या यंत्रात होणे शक्य नाही. थंड करू शकणारे बीओडी इन्क्युबेटर कोणत्या विभागात आहे आणि त्यात फ्लास्क हलवायची सोय करता येईल का, याची चौकशी मार्चमध्येच करावी.

दुसरी बाब विजेची. एका वर्षी मे महिन्यात रात्रभर लाइट नव्हती आणि फ्रीझरमधील कॉम्पिटंट सेल (बाहेरचा डीएनए आत घेण्यासाठी तयार केलेल्या जिवाणूपेशी) वितळून पुन्हा गोठले. ते कोणाच्या लक्षात आले नाही. पुढच्या आठवड्यात मुलांनी नेहमीप्रमाणे ट्रान्स्फॉर्मेशन केले : अर्धा तास बर्फात, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फात, मग माध्यमात तासभर ३७ अंशांवर, आणि प्लेटा टाकल्या. सकाळी एकाही प्लेटवर जिवाणूंची कॉलनी नव्हती. नवीन डीएनएच्या रचनेतच चूक असणार असे धरून आम्ही तीन आठवडे ती शोधत बसलो. त्या दिवशी ओळखीच्या पीयूसी१९ प्लास्मिडची एक प्लेट सोबत टाकली असती, तर तीही रिकामी निघाली असती आणि दोष सेलमध्ये आहे हे दुसऱ्याच सकाळी कळले असते. तेव्हापासून ओळखीच्या प्लास्मिडची प्लेट टाकल्याशिवाय आमच्याकडे ट्रान्स्फॉर्मेशन होत नाही. फ्रीझरला बॅकअप असलाच पाहिजे, सेल लहान-लहान नळ्यांत वाटून दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवावेत, आणि थंड साखळीतून येणारे एन्झाइम शुक्रवारी पोहोचतील अशी मागणी कधीही देऊ नये.

मोजमापाला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. पेक्टिन तुटले की त्यातून क्षपणक शर्करा (रिड्युसिंग शुगर) मोकळ्या होतात, आणि त्या डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धतीने मोजता येतात : द्रावण उकळले की पिवळा रंग नारिंगी-तांबडा होतो आणि तो ५४० नॅनोमीटरवर साध्या कलरीमीटरवर वाचता येतो. हे यंत्र बहुतेक महाविद्यालयांत असते. पेक्टेट लायेजला कॅल्शियम लागते आणि त्याचे काम अल्कधर्मी द्रावणात चांगले चालते. म्हणून येथे फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) घेऊ नये, कारण कॅल्शियम फॉस्फेटचा साका खाली बसतो आणि एन्झाइम उपाशी राहतो. ट्रिस किंवा ग्लायसीनचा बफर घ्यावा.

तुलनेचे नमुने ठरवताना केळीचा चीक लक्षात ठेवावा. कपड्यावर पडला तर जन्मभर जात नाही, असा तो डाग या भागातल्या प्रत्येक घराने पाहिलेला आहे. तोच चीक परीक्षानळीत रंग देतो, शिवाय खोडात स्वतःची साखरही असते. म्हणून एन्झाइम घातलेल्या धाग्याशेजारी तीन नमुने असायला हवेत : नुसत्या बफरमध्ये भिजवलेला धागा, उकळून निकामी केलेला एन्झाइम घातलेला धागा, आणि रिकामे प्लास्मिड असलेल्या पेशींचा अर्क घातलेला धागा. प्रत्येक प्रयोग तीनदा करावा, पण ‘तीनदा’ म्हणजे काय हे समजून करावा. एकाच फ्लास्कमधून तीन नळ्या भरल्या तर आपला पिपेटवरचा हात तपासला जातो. तीन वेगळ्या कॉलन्यांपासून तीन फ्लास्क वाढवले तर जीवशास्त्र तपासले जाते. दोन्ही करावे आणि विकीवर कोणते काय आहे ते स्पष्ट लिहावे.

सहावी पायरी : शेतात जाणे

आयजेममध्ये समाजाशी संवाद हा पुरवणी भाग समजला जात नाही. त्या संवादामुळे प्रकल्पात काय बदलले, असे परीक्षक विचारतात. त्यामुळे प्रश्नावली वाटून टक्केवारी काढण्यापेक्षा, रचना पक्की होण्याआधी चार माणसांना नीट भेटणे अधिक उपयोगाचे आहे. बोलीचा विचार करून संघ पाठवावा. रावेर-यावलकडे लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी, तर सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिल्ली बोलणारा एक सदस्य सोबत असला, तर माणूस उत्तर देतो आणि नुसते ‘हो साहेब’ म्हणून थांबत नाही. बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर आधी संमती घ्यावी आणि नाव प्रसिद्ध करू नये.

एका बागायतदाराने आमचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकले, बुंध्याची एक सोप हाताने सोलून दाखवली आणि विचारले, ‘‘बाळांनो, खोड सडवणारा हा जंतू उद्या पाटाच्या पाण्यातून माझ्या उभ्या बागेत आला, तर काय कराल?’’ मुलांजवळ उत्तर नव्हते. परतीच्या वाटेवर त्यांनी ठरवले की जिवंत जिवाणू प्रक्रियेत कुठेही ठेवायचाच नाही : पेशी फोडून, अर्क ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, फक्त एन्झाइम वापरायचा, आणि गाळलेल्या अर्काचा थेंब प्लेटवर टाकून तीत काहीही उगवत नाही हे दाखवायचे. त्या एका प्रश्नामुळे रचना बदलली, एक नवा प्रयोग वाढला आणि सुरक्षिततेचा विभाग अर्थपूर्ण झाला. मुलांनी पुढच्या महिन्यात ती प्लेट त्यांना नेऊन दाखवली, अर्थात फोटोच्या रूपात, कारण प्लेट प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाही.

सातवी पायरी : पैसा

संघाची नोंदणी काही हजार डॉलरची असते आणि पॅरिसला जाणाऱ्यांचे शुल्क, विमान व मुक्काम वेगळे, म्हणजे खर्च लाखांत जातो. एन्झाइम, प्रायमर आणि प्लॅस्टिकचा खर्च त्यापुढे लहान वाटतो, पण तोच वेळेवर लागतो; म्हणून प्रयोगशाळेचा निधी आणि प्रवासाचा निधी पहिल्यापासून वेगळे ठेवावेत. महाविद्यालय, विद्यापीठ, माजी विद्यार्थी आणि केळी व ठिबक व्यवसायातील स्थानिक उद्योजक या क्रमाने विचारावे, आणि प्रत्येकाला एकाच पानाचा प्रस्ताव द्यावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट मात्र संघ जमतानाच काढायला सांगावेत.

आठवी पायरी : विकी आणि श्रेयनोंद

विकी शेवटच्या पंधरवड्यात लिहिली जाते, पण तिचे साहित्य रोज गोळा व्हायला हवे. प्रत्येकाची प्रयोगवही तारखेसह असावी, आणि फसलेल्या प्रयोगाचे पान फाडू नये. पीयूसी१९ ची ती रिकामी प्लेट आमच्याकडे असती तर विकीवर तिला मानाची जागा मिळाली असती. कोणी काय केले याची श्रेयनोंद कांस्यपदकासाठीही सक्तीची आहे. प्राध्यापकांनी करून दिलेले, दुसऱ्या विभागाने वापरायला दिलेले, बाहेरून करून घेतलेले असे सगळे तीत प्रामाणिकपणे यावे. इतरांची चित्रे उचलू नयेत, कारण विकीवरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली जातो. मराठी पान जोडले तर गावातल्या ज्या माणसांशी बोललात त्यांना आपले काम वाचता येईल. परीक्षण मात्र इंग्रजी पानांवर होते, म्हणून ती आधी पूर्ण करावीत.

गोठण्याच्या आदल्या दिवशी सर्व दुवे एखाद्या साध्या मोबाइलवर उघडून पाहावेत. त्यानंतर प्रयोगशाळा आवरावी : वापरलेल्या प्लेटा आणि फ्लास्क १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून टाकावेत, चांगल्या कॉलन्या ग्लिसरॉलमध्ये साठवाव्यात, आणि प्रत्येक नळीवर प्लास्मिडचे नाव, वाण, तारीख आणि ठेवणाऱ्याची आद्याक्षरे न पुसल्या जाणाऱ्या पेनाने लिहावीत. त्या नळ्यांची यादी वहीत, संगणकावर आणि मार्गदर्शकांकडे अशी तीन ठिकाणी ठेवावी. दिवाळीनंतर जो नवा संघ जमेल, तो पहिल्याच दिवशी ती मागेल.